स्वादुपिंड दुभंगलंय: स्टेंट की ऑपरेशन?

प्रश्न थोडक्यात असा. भाचा २१ वर्षांचा. रात्री दुचाकी घसरली आणि हँडलचं टोक पोटात बसलं. त्याच रात्री जवळच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली, ‘नॉर्मल’ आली, इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून उलट्या सुरू झाल्या आणि पाठीपर्यंत जाणारी कळ येऊ लागली. शहरात सीटी केला, तर स्वादुपिंड त्याच्या ‘माने’च्या (डोक्यालगतच्या अरुंद भागाच्या) डाव्या बाजूला आरपार चिरलेलं. एमआरसीपीत (नलिका दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये) आतली नलिकाही तुटलेली. अपघाताला आता ५० तास झालेत, बीपी व्यवस्थित आहे. सर्जन म्हणतात डावा भाग काढावा लागेल, कदाचित प्लीहाही (स्प्लीन) जाईल. दुसरे डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून स्टेंट टाकून बघू. मामांना तीन गोष्टी विचारायच्यात: ऐकायचं कुणाचं, पहिल्या रात्री चूक झाली का, आणि पोराला जन्मभराची शुगर लागणार का.

उत्तर आधी देतो. रिपोर्टमध्ये लिहिलंय तसंच प्रत्यक्षात असेल, तर मी ऑपरेशनच्या बाजूचा आहे. तेही आजच, फार तर उद्या सकाळी. स्टेंटवाले डॉक्टर चुकीचं काही सांगत नाहीत, पण त्यांचा उपाय वेगळ्या पेशंटचा आहे. कसं ते सांगतो.

स्वादुपिंड पोटात अगदी मागे असतं. पुढे जठर, मागे पाठीचा कणा, आणि कण्यावर ते आडवं पडलेलं. उजवीकडचं डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेलं, डावीकडची शेपटी प्लीहेला टेकलेली. लांबी साधारण १५ ते २० सेंटीमीटर, आणि पोत इतका मऊ की टाका जरा जोरात ओढला तर तो लोण्यातून जावा तसा मांस कापत बाहेर येतो. एरवी ही जागा फार सुरक्षित आहे. पण समोरून हँडल, स्टेअरिंग, बैलाचं शिंग किंवा लाथ बसली की कण्याचा पाटा होतो आणि हँडलचा वरवंटा. मध्ये सापडलेली ग्रंथी कण्यावरच चिरते, म्हणजे बहुतेक वेळा मानेजवळ किंवा धडाच्या सुरुवातीला. तुमच्या भाच्याची चीर नेमकी तिथेच आहे.

हा प्रकार जुना आहे. १८२७ साली लंडनमध्ये बेंजामिन ट्रॅव्हर्स या सर्जनने घोडागाडीच्या चाकाचा मार लागलेल्या एका बाईचं स्वादुपिंड आरपार तुटल्याची नोंद केली. तुटलेलं सापडलं ते मृत्यूनंतर शरीर उघडल्यावर. आज सीटी आहे, एमआरआय आहे, तरी ही जखम पहिल्या दिवशी निसटतेच. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आधी वळतो.

अपघातानंतरची तातडीची सोनोग्राफी ही पोटात मोकळं रक्त आहे का, एवढंच बघायला केलेली असते. स्वादुपिंड जठरातल्या आणि आतड्यातल्या हवेच्या मागे लपलेलं असतं, आणि हवेतून सोनोग्राफीला दिसत नाही. शिवाय गळणारा रस सुरुवातीला पोटभर पसरत नाही, जठरामागच्या एका बंद कप्प्यात साठतो. त्यामुळे पहिले काही तास पोट मऊ लागतं, पोरगा चालतो, चहाही पितो. रक्तातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं एक पाचकद्रव्य, पहिल्या तीन तासांत नॉर्मल येऊ शकतं. इतकंच काय, पहिल्या बारा तासांतला सीटीसुद्धा चीर दाखवेलच असं नाही. चिरलेल्या दोन कडा एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. थोडी सूज आली, मध्ये पाणी शिरलं, की मग रेघ उमटते. प्लीहेची शीर आणि स्वादुपिंड यांच्या मधे पाण्याची बारीक पट्टी दिसली तर आम्ही सावध होतो, चीर दिसो वा न दिसो.

तेव्हा सोनोग्राफी नॉर्मल येणं ही चूक नाही. बेंबीच्या वर हँडलच्या टोकाचा गोल वळ दिसत असताना पेशंटला घरी पाठवणं, ही मात्र चूक. असा वळ असेल तर माझ्याकडे पेशंट किमान चोवीस तास राहतो. आल्याबरोबर अमायलेज, सहा तासांनी पुन्हा, आणि दर तीन-चार तासांनी एकाच माणसाचा हात पोटावर. आकडा किती आहे यापेक्षा तो चढतोय का, हे महत्त्वाचं. हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नका. उमेदवारीच्या काळात मी स्वतः एक पोट उघडून पुन्हा शिवलं होतं. सायकलच्या हँडलचाच मार. आतड्याच्या पडद्यातली रक्तवाहिनी तुटलेली सापडली, ती बांधली, सगळे खूश. जठरामागे निळसर काळी सूज दिसत होती. ‘रक्त साकळलंय, जिरेल’ असं म्हणून तो कप्पा उघडलाच नाही. तिसऱ्या आठवड्यात मुलगा पोटात नारळाएवढी गाठ घेऊन परत आला. स्वादुपिंडाचा रस साठून झालेली गाठ. त्यानंतर तिथली सूज दिसली आणि मी कप्पा न उघडता पोट शिवलं, असं कधी झालं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. स्वादुपिंडाच्या दुखापतीत चीर किती लांब, रक्त किती, सूज किती, हे सगळं दुय्यम. पहिला प्रश्न एकच: मधली मुख्य नलिका शाबूत आहे का? जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची ही नळी, पण तिच्यातून दिवसाला लिटर-दीड लिटर पाचकरस वाहतो. नळी धड असेल तर ग्रंथीला खरचटलेलं, फाटलेलं बहुतेक आपोआप भरतं. नळी तुटली की तो रस आसपासच्या चरबीवर पडत राहतो. अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जनांच्या संघटनेने या दुखापतीच्या पाच श्रेणी केल्या आहेत, त्यांचा कणा हाच आहे. पहिल्या दोन श्रेणींत नळी शाबूत. तिसरीत डावीकडे तुटलेली. चौथीत उजवीकडे, म्हणजे आतड्याच्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या पलीकडे, डोक्याच्या बाजूला. पाचवीत डोक्याचा चेंदामेंदा. तुमचा भाचा तिसऱ्या श्रेणीत बसतो, आणि नळी तुटलेल्यांमध्ये ही त्यातल्या त्यात नशिबाची श्रेणी आहे. जे काढायचं ते डावीकडे आहे, आणि उजवीकडे पित्तनलिका, आतडं, डोकं सगळं जागच्या जागी आहे.

पहिल्या दोन श्रेणींवर फार बोलत नाही. बीपी ठीक असेल तर ऑपरेशन नाही. निरीक्षण, वेदनाशामक, हळूहळू खाणं, काही दिवसांनी पुन्हा सीटी.

स्टेंटचं असं आहे. तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेतात, नलिकेच्या तोंडातून बारीक तार आत सरकवतात आणि तारेवरून प्लॅस्टिकची नळी बसवतात. नलिकेला भोक पडलंय किंवा ती एका बाजूने फाटलीय, तार फाटलेल्या जागेपलीकडे जातेय, तर स्टेंट सुंदर काम करतो. मी स्वतः असे पेशंट पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलेत आणि ते पोटावर एकही टाका न घेता घरी गेलेत. पण नलिका आरपार तुटून दोन टोकं एकमेकांपासून सरकली असतील, तर तार पलीकडे जाणार कुठे? ती पाण्याच्या डबक्यात जाते. मग स्टेंट फक्त उजव्या टोकापर्यंत बसतो. डावा तुकडा जिवंत असतो, रस तयार करत राहतो आणि त्याला वाट नसते. शिवाय ताज्या जखमेच्या निर्जंतुक पाण्यात दुर्बिणीवाटे जंतू जाण्याची भीती असते, आणि पुढे काही महिन्यांनी स्टेंटच्या जागी नलिका आकसू शकते. म्हणून त्या डॉक्टरांना एकच गोष्ट विचारा: ‘तार पलीकडे जाईल असं एमआरसीपीवरून वाटतंय का?’ ते ‘हो, दोन्ही टोकं जवळ आहेत’ म्हणाले, तर प्रयत्नाला अर्थ आहे. ‘बघावं लागेल’ म्हणाले, तर बघण्यात दोन दिवस घालवण्याची ही वेळ नाही.

वेळेचं गणित साधं आहे. पहिल्या दिवशी ऊती ओळखू येतात, थर सुटे होतात. दोन-तीन दिवसांपर्यंतही निभावतं. आठवडा उलटला की सगळं चिकटतं, सुजतं, हात लावीन तिथून रक्त येतं. त्या अवस्थेत मी पोट उघडायला नकार देतो. तेव्हा बाहेरून सुईने ड्रेन (साठलेलं पाणी बाहेर काढणारी नळी) टाकणं, स्टेंट, चार-सहा आठवडे थांबून गाठीची भिंत पक्की झाली की जठरातून दुर्बिणीने ती आत रिकामी करणं, हाच रस्ता बरा. तुम्ही ५० तासांवर आहात. दार अजून उघडं आहे.

ऑपरेशनमध्ये काय होतं, ते सांगतो, कारण ‘अर्धं स्वादुपिंड काढणार’ हे ऐकूनच घरचे हादरतात. जठर आणि मोठं आतडं यांच्या मधला चरबीचा पडदा उघडला की तो मागचा कप्पा दिसतो. दोन दिवसांनी तिथे तांबूस पाणी असतं आणि चरबीवर पांढरे, खडूचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके. हा अक्षरशः साबण असतो: रसाने चरबी फोडली, तिला कॅल्शियम मिळालं. पाणी ओढून घेतलं की कण्यावर स्वादुपिंडाची दोन टोकं दिसतात. पुष्कळदा चीर इतकी सरळ असते की सुरीने कापलंय असं वाटावं. मग उजव्या टोकावर नजर रोखून थांबायचं. कापसाने टिपलं, की काही क्षणांनी एका जागी नितळ पाण्याचा थेंब उभा राहतो. तीच नलिका. तिला बारीक न विरघळणाऱ्या धाग्याचा एक स्वतंत्र टाका, मग टोकाच्या दोन्ही कडा हलक्या हाताने जुळवून टाके. काही जण स्टेपलर वापरतात. सुजलेल्या जाड ग्रंथीवर मला तो आवडत नाही, पण हा सवयीचा भाग आहे. डावा तुकडा काढायचा, टोकापाशी ड्रेन ठेवायचा, भरपूर धुवायचं, बाहेर पडायचं.

डावा तुकडा वाचवून आतड्याला जोडता येत नाही का, असं वाचून आलेले नातेवाईक विचारतात. जोडता येतो. पण मऊ ग्रंथी, दोन मिलिमीटरची नळी आणि सुजलेली ऊती यांचा जोड सुटायला कारण लागत नाही. उजवीकडे तुटलेलं असेल आणि काढलं तर ग्रंथीच उरणार नाही, अशा वेळी मी तो विचार करेन. तुमच्या भाच्यात नाही.

प्लीहेचं काय? तिच्या शिरा स्वादुपिंडाच्या पाठीला चिकटून जातात आणि त्यांच्या बारीक फांद्या ग्रंथीत शिरतात. एकेक फांदी बांधत ग्रंथी सोडवली तर प्लीहा वाचते. याला तास-दीड तास जादा लागतो. बीपी स्थिर असेल, इतर जखमा नसतील, तर तरुण पोरासाठी हा तास खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे. पण टेबलावर रक्तस्राव सुरू झाला तर प्लीहेसाठी हट्ट धरू नये, आणि सर्जनकडून तसं वचनही घेऊ नये. प्लीहा गेलीच तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस या तीन जंतूंच्या लसी साधारण दोन आठवड्यांनी द्यायच्या. पेशंट परत येईल याची खात्री नसेल तर घरी सोडतानाच. त्यापुढे आयुष्यभर एक नियम: ताप आला की ‘उद्या बघू’ नाही, त्याच दिवशी डॉक्टर आणि अँटिबायोटिक. कुत्रा चावला तरी तसंच. मलेरियाही अशा माणसाला जास्त जोरात होतो. प्लीहा काढली आहे, हे लिहिलेला कागद पाकिटात राहू द्या.

शुगर. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची बेटं ग्रंथीभर विखुरलेली असतात, शेपटीकडे जरा दाट. मानेच्या डावीकडचं सगळं काढलं तरी निम्म्याच्या आसपास ग्रंथी उरते. आधी मधुमेह नसलेल्या तरुण माणसाला एवढ्यावर सहसा लगेच मधुमेह होत नाही. ऑपरेशननंतरचे काही दिवस ताणामुळे शुगर वर जाते, इन्सुलिन लागतं, आणि घरच्यांना वाटतं झालं, लागली कायमची. बहुतेकांत ती उतरते. मात्र राखीव साठा कमी झालेला असतो. म्हणून वर्षातून एकदा एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी), वजन आटोक्यात, तंबाखू-सिगारेट बंद आणि दारू पूर्ण बंद. उरलेल्या अर्ध्या ग्रंथीला दारूचा त्रास झाला तर मागे बदली खेळाडू नाही.

यापेक्षा जास्त शक्यता असलेली गोष्ट, जिच्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, ती म्हणजे फिस्टुला. शिवलेल्या टोकातून रस झिरपत राहणं. कितीही निगुतीने शिवा, काहींना हे होणारच; हातखंडा सर्जनांच्या पेशंटांनाही होतं. त्यासाठीच ड्रेन असतो. तिसऱ्या दिवशी ड्रेनच्या पाण्याचं अमायलेज तपासतात. रक्तातल्या नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पटीहून जास्त आलं, की रस गळतोय. नुसता आकडा वाढलाय, ताप नाही, पोट मऊ आहे, तर घाबरायचं कारण नाही. ड्रेन राहू द्यायचा, पोरगा खाऊ-फिरू द्यायचा. बहुतेक गळती काही आठवड्यांत आटते. रस कमी करायला देतात ती ऑक्ट्रिओटाइडची महागडी इंजेक्शनं सगळ्यांना सरसकट देण्यात मला अर्थ वाटत नाही, आणि अमेरिकेतली २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात. शुद्ध रस पाण्यासारखा नितळ असतो. तो राखाडी, गढूळ झाला, वास आला, ताप चढला, किंवा ड्रेनमध्ये अचानक ताजं लाल रक्त दिसलं, तर मध्यरात्रीही थांबू नका. शेवटचं लक्षण सगळ्यात वाईट: रसाने शेजारची धमनी कुरतडलेली असू शकते.

एका पेशंटची आई ड्रेनचा हिशेब दुधाच्या वहीत ठेवायची. तारीख, सकाळ, संध्याकाळ, किती मिली, रंग कसा. सहाव्या आठवड्यात आकडा दहावर आला, दोन दिवस शून्य, मग मी नळी काढली. आमच्या वॉर्डातल्या तक्त्यापेक्षा ती वही मला जास्त उपयोगी पडली. तुम्हीही ठेवा.

खाण्यापिण्याबद्दल: पूर्वी आठवडेच्या आठवडे उपाशी ठेवायचे. आता शक्य तितक्या लवकर आतड्यातून पोषण सुरू करतात. दुखापत मोठी असेल तर सर्जन ऑपरेशनमध्येच आतड्यात बारीक नळी ठेवतात आणि तिच्यातून पातळ आहार देतात. तोंडाने सुरू झालं की मऊ भात, वरण, ताक. ‘ताकद यावी’ म्हणून तूप आणि पायासूप घेऊन येणारे पाहुणे पहिला महिना दारातच थांबवा.

डोक्याकडच्या दुखापतींबद्दल दोन शब्द, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी ती वेळ आलेली असू शकते. तिथे सर्जनने जितकं कमी करावं तितकं बरं. रक्त थांबवणं, आतड्याची भोकं शिवणं, भरपूर ड्रेन, आणि पेशंट आयसीयूत परत. नळीचा प्रश्न नंतर दुर्बिणीने सोडवता येतो. डोकं, आतडं आणि पित्तनलिका एकत्र काढण्याचं मोठं ऑपरेशन, अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ साली मांडलेलं, हे कर्करोगासाठी ठीक. रक्तबंबाळ, गारठलेल्या पेशंटवर ते पहिल्याच रात्री करणारे सर्जन मी पाहिलेत. पेशंट वाचलेले फारसे नाही पाहिले. करावंच लागलं तर आधी रक्त थांबवून, पेशंट उबदार करून, एक-दोन दिवसांनी दुसऱ्या टप्प्यात.

लहान मुलांत मी जास्त थांबतो. सायकलच्या हँडलने नळी तुटलेली मुलंही कधीकधी ऑपरेशनशिवाय बरी होतात, पण आठवडेच्या आठवडे दवाखाना, गाठ, ड्रेन अशी किंमत मोजून. बालशल्यचिकित्सकांमध्येच यावर दोन तट आहेत. २१ वर्षांच्या तुमच्या भाच्याला तो वाद लागू नाही.

आता तातडीचं. सध्याच्या सर्जनना विचारा की त्यांनी किंवा त्यांच्या टीमने स्वादुपिंडाची ऑपरेशनं नियमित केली आहेत का, आणि नंतर लागली तर दुर्बिणीची व सुईने ड्रेन टाकण्याची सोय त्याच इमारतीत आहे का. दोन्हीला ‘हो’ असेल तर हलवू नका, तिथेच करा. ‘नाही’ असेल तर आजच हलवा. बीपी स्थिर आहे तोवर अँब्युलन्सचा दोन-तीन तासांचा प्रवास झेपतो. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलू द्या. मध्ये तुम्ही निरोप्या होऊ नका, निरोपात नलिकेची दोन टोकं हरवतात. आणि निघताना सीटी व एमआरसीपीची सीडी मागून घ्या, नुसता रिपोर्टचा कागद नको. कागदावर ‘चीर’ एवढंच लिहिलेलं असतं. तार पलीकडे जाईल का, हे बघायला आम्हाला चित्रं लागतात.